मेणवलीचा वाडा : पेशवेकालीन घराचा सागवानी सांगाडा

सातारा जिल्ह्यातील वाईपासून सुमारे तीन किलोमीटरवर, कृष्णेच्या काठी मेणवली हे गाव आहे. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस (१७४२-१८००) यांना ते इनाम मिळाले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी येथे वाडा, घाट आणि मंदिरे बांधली. २००४ च्या 'स्वदेस' चित्रपटामुळे हा घाट देशभर परिचित झाला. वाडा मात्र त्या मानाने दुर्लक्षितच राहिला.

बाहेरून उंच भिंती आणि भक्कम दरवाजा एवढेच दिसते. वाड्याचे खरे रूप आतल्या सहा चौकांत आहे. दर्शनी चौक कारभारासाठी, तर आतले चौक कुटुंबाच्या वावरासाठी, अशी पेशवेकालीन वाड्यांची रीत होती. भोवतालच्या ओसऱ्यांना चौकातून उजेड आणि वारा मिळे. उन्हाचा ताप मात्र खोल्यांपर्यंत थेट पोहोचत नसे.

या शैलीचा कणा म्हणजे लाकूड. दगडी जोत्यावर सागवानी खांब उभारून त्यांवर तुळया टाकल्या जात. मजल्याचा आणि छपराचा भार प्रामुख्याने हा सांगाडा पेलत असे. जाड भिंती आडोसा आणि गारवा देत. दोन खांबांमधील अंतरास 'खण' म्हणत आणि घराचा आकार खणांत मोजला जाई. खणाची लांबी तुळईवर अवलंबून असल्याने प्रशस्त दालनासाठी खांबांच्या ओळी वाढवाव्या लागत.

लाकूड हे या घरांचे बळ, तसेच त्यांचे मर्मस्थानही. १८२८ मध्ये पुण्याच्या शनिवारवाड्याला आग लागली, तेव्हा आतील इमारती भस्मसात झाल्या. तट, दरवाजे आणि दगडी जोती तेवढी उरली. छपरातून झिरपणारे पाणी आणि वाळवी तेच काम संथपणे करतात. एक तुळई कुजली, तरी तिच्यावरचा मजला खचू लागतो. म्हणूनच अशा वास्तूंच्या जतनात रंगरंगोटीपेक्षा छपराची वेळच्या वेळी दुरुस्ती अधिक महत्त्वाची ठरते.

मेणवलीत भिंतींवरील जुनी चित्रे अद्याप पाहता येतात. घाटावर १७३९ च्या वसई विजयाची आठवण असलेली पोर्तुगीज घंटाही आहे. नानांची मोडी कागदपत्रे 'मेणवली दप्तर' या नावाने इतिहास-संशोधकांना परिचित आहेत. ती वाड्याबाहेर नेऊन जपता आली. वाडा मात्र जागेवरच, दर पावसाळ्यापूर्वीच्या डागडुजीनेच टिकवावा लागेल.