व्हिसा एकाचा, संसार सगळ्यांचा

परदेशी स्थायिक होण्याची चर्चा बहुधा नोकरी, पगार आणि व्हिसा यांच्याभोवतीच फिरते. परंतु ज्या व्यक्तीला नोकरी मिळालेली असते तिला कार्यालय, सहकारी आणि दिवसाचा आखीव क्रम आयताच लाभतो, तर नव्या मुलुखात रुजण्याचे कष्ट तिच्या जोडीदाराच्या आणि मुलांच्या वाट्याला येतात, आणि कुटुंब रुजले की नाही हे अखेर त्यांच्यावरूनच ठरते. सोलापूरच्या नवी पेठेतून किंवा तिच्या आसपासच्या गल्ल्यांतून परदेशी जाणाऱ्या कुटुंबांना ही गोष्ट तशी अपरिचित नसावी, कारण हे शहरच मुळी बाहेरून आलेल्या कुटुंबांनी घडवलेले आहे.

1877 साली सोलापुरात पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि हातमाग, गिरण्या व पुढे यंत्रमाग यांच्या ओढीने तेलंगणातील पद्मशाली विणकर कुटुंबे येथे मोठ्या संख्येने वसली. घरात तेलुगू, बाजारात मराठी आणि गरजेप्रमाणे कन्नड किंवा उर्दू अशी भाषांची वाटणी त्यांनी सहज पचवली. मार्कंडेयाचे मंदिर उभारून आपला देव राखला आणि सिद्धेश्वराच्या यात्रेलाही आपले मानले. मात्र या रुजण्यातला एक धागा क्वचितच सांगितला जातो. पुरुष मागावर असताना या घरांतील हजारो स्त्रिया विड्या वळत होत्या आणि हजार विड्यांमागे ठरलेली मजुरी स्वतःच्या हातात घेत होत्या. ते काम आरोग्याला घातक आणि मोबदल्याला तोकडे होते, त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही; तरीही त्या मजुरीमुळे स्त्रीला कारखान्याची, संघटनेची आणि शहराची स्वतःची अशी ओळख मिळाली. 2006 साली शहरालगत कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची वसाहत साकारली, ती याच संघटनेच्या बळावर.

आजच्या सुशिक्षित स्थलांतरात नेमका हाच धागा अनेकदा तुटतो. अमेरिकेत तात्पुरत्या नोकरीसाठी जाणाऱ्या कुशल कर्मचाऱ्याला एच-1बी व्हिसा मिळतो, आणि त्याच्या पती किंवा पत्नीला व मुलांना मिळणारा एच-4 हा अवलंबितांचा व्हिसा असतो, म्हणजे त्याचे अस्तित्व मूळ व्हिसाधारकाच्या नोकरीला बांधलेले असते. या व्हिसावर काम करण्याची मुभा 2015 पर्यंत नव्हती. त्या वर्षी ती मिळाली, तीही ज्यांच्या जोडीदाराची कायम वास्तव्याची, म्हणजे ग्रीन कार्डची, प्रक्रिया एका ठरावीक टप्प्यापर्यंत पोहोचली आहे त्यांनाच. ग्रीन कार्डांच्या वार्षिक संख्येत एका देशाच्या वाट्याला साधारणपणे 7 टक्क्यांहून अधिक येऊ नयेत असा दंडक असल्याने भारतीयांची रांग वर्षानुवर्षे लांबते, आणि लहानपणी तेथे गेलेले मूल 21 वर्षांचे झाले की ते आईवडिलांवर अवलंबित मानले जात नसल्याने त्याला स्वतंत्र व्हिसा शोधावा लागतो. सोलापुरात अभियांत्रिकीची पदवी घेतलेली, नोकरी केलेली स्त्री तेथे कागदोपत्री केवळ ‘अवलंबित’ ठरते, हा या व्यवस्थेचा सर्वांत कठोर भाग म्हणावा लागेल. जर्मनीत उच्चशिक्षितांना मिळणाऱ्या ब्ल्यू कार्डधारकाच्या जोडीदाराला मात्र नोकरीची पूर्ण मोकळीक असते; तिथला अडसर कायद्याचा नसून भाषेचा असतो.

भाषेचा अडसर कसा ओलांडावा याचा दाखला सोलापूरजवळच आहे. याच शहरात 1910 साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून युद्धग्रस्त चीनमध्ये गेले. ते चिनी भाषा शिकले, रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि 1941 साली परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी विवाहबद्ध झाले. डिसेंबर 1942 मध्ये, मुलगा काही महिन्यांचा असताना, त्यांचे तेथेच निधन झाले. काम, भाषा आणि घर या तिन्ही वाटांनी ते त्या समाजात शिरले होते; एकट्या कामाने तसे घडत नाही, असे बाकीच्या स्थलांतरितांकडे पाहता वाटते.

दैनंदिन अडचणी किरकोळ दिसतात, पण त्यांचा क्रम चुकला की सगळेच अडते. जर्मनीत नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत स्थानिक कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते, आणि कर क्रमांकापासून बँक खात्यापर्यंत पुढची बरीच कामे त्या नोंदीला टेकलेली असतात. अमेरिकेत उधारी वेळेवर फेडल्याचा पूर्वेतिहास, ज्याला क्रेडिट हिस्टरी म्हणतात, तो नसल्याने भारतात उत्तम पत असलेल्या माणसालाही घर भाड्याने घेताना जादा अनामत भरावी लागू शकते. मुलांच्या शाळेसाठी लसीकरणाचे दाखले लागतात आणि सोलापूरच्या दवाखान्यातले जुने कार्ड ऐनवेळी सापडत नाही. चादरी, शेंगाचटणी आणि कडक भाकरी यांची बांधाबांध मात्र कोणी विसरत नाही!

मुले नवी भाषा लवकर उचलतात आणि घरची तितक्याच लवकर सोडतात. 1932 साली स्थापन झालेले लंडनचे महाराष्ट्र मंडळ, 1981 पासून उत्तर अमेरिकेतील मंडळांना जोडणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ आणि सुट्टीच्या दिवशी भरणाऱ्या मराठी शाळा यांचा आधार येथे लागतो. सोलापूरकरांना एक अडचण तरीही उरते: गणेशोत्सव कुठेही साजरा होतो, पण सिद्धेश्वराच्या यात्रेत मकरसंक्रांतीच्या सुमारास निघणाऱ्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी सोलापूरलाच यावे लागते, आणि जानेवारीच्या मध्यावर तिकडच्या शाळा सुरू असतात.

नागरिकत्वाचा प्रश्न सर्वांत शेवटी येतो. भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नसल्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेताच भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, आणि त्याऐवजी मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिक या नोंदणीवर, आजन्म व्हिसाविना येता येते, परंतु मतदान करता येत नाही व शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने आलेली जमीन मात्र ठेवता येते. म्हणूनच शहरातल्या घराबरोबर तालुक्यात शेती असलेल्या कुटुंबांत हा अर्ज भरण्याआधी सातबाऱ्यावर कोणाचे नाव लागायचे, याचा निर्णय भावंडांना एकत्र बसून करावा लागतो.