अंगरखा उसवताना

नागपूरच्या भोसले घराण्याचे संस्थापक रघुजीराजे यांची तलवार २०२५ साली लंडनच्या लिलावातून महाराष्ट्रात परत आली. पोलादाला एवढे आयुष्य असते, कापडाला ते क्वचितच लाभते. म्हणून नागपुरातल्या पोद्दारेश्वर राम मंदिराच्या रामनवमी शोभायात्रेतल्या चित्ररथासाठी असो की ऐतिहासिक नाटकासाठी, भोसलेकालीन अंगरखा करायचा झाला की जुन्या चित्रांवरूनच बेत आखावा लागतो. आणि तो हातानेच शिवावा, असे माझे ठाम मत आहे. आयझॅक सिंगर यांना शिवणयंत्राचे पेटंट मिळाले १८५१ साली. नागपूरचे राज्य खालसा झाले १८५४ साली. या दरबाराचा सारा काळ हातशिलाईचा होता.

हाताने शिवताना चुका होतातच, पण त्या दुरुस्तही होतात. मशीनच्या टिपेत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेला असतो. हाताचा धावदोरा मात्र ठिकठिकाणी कापला की अलगद निघतो. घाईने ब्लेड फिरवू नये. दर चार-पाच टाक्यांनी दोरा कापावा आणि सुईच्या नेढ्याकडच्या बाजूने उचलून घ्यावा. सुती कापडावर राहिलेली भोके पाण्याचा हात लावून नखाने उभी-आडवी घासली की बऱ्याच अंशी बुजतात. रेशमावर आणि किनखापावर ती तशीच दिसत राहतात, म्हणून तिथे कच्चा दोरासुद्धा शिवणीच्या मायेतच घालावा.

खरी धास्ती असते कात्रीची. हातमागाचे सुती कापड आणले की आधी रात्रभर भिजवून खळ काढावी, नाहीतर बेतून शिवलेला अंगरखा पहिल्याच धुण्यात आटतो आणि त्यावर इलाज नाही. नागपूरच्या गांधीबागेतल्या कापडबाजारातून मांजरपाट आणून त्याचा कच्चा नमुना आधी अंगावर घालून बघावा. हा खर्च कधी वाया जात नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मुंढ्यात. तालमीत नट तलवार उगारतो आणि त्याच्याबरोबर अख्खा अंगरखा वर चढतो, कमरेचे बंद छातीशी येतात. अशा वेळी मुंढा आणखी खोल कापण्याचा मोह होतो. तो टाळावाच, कारण मुंढा जितका खाली जाईल तितका हात जास्त जखडतो. त्याऐवजी काखेतली शिवण बाहीकडे चार बोटे आणि कुशीकडे चार बोटे उसवावी. त्या फटीत चार बोटे बाजूचा, सगळीकडून माया सोडलेला चौकोनी तुकडा बसवावा. त्याचा एक कोपरा बाहीकडे आणि समोरचा कुशीकडे आला पाहिजे. म्हणजे ताण उरेब दिशेने पडतो आणि त्या दिशेला कापड मुळातच ताणले जाते. चारही कोपऱ्यांवर दोन-तीन उलट्या टिपा घालाव्यात, कारण फाटायला तिथूनच सुरुवात होते. हा चौबगला काही आजची पळवाट नाही. जुन्या शिंप्यांच्या बेतात तो पहिल्यापासूनच असे.

दुसरी चूक चित्र बघून बेतताना होते. चित्रातल्या माणसाची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते आणि वरचा पाखा उलटा कापला जातो. मुघलकाळापासून हिंदू बंद डाव्या काखेत बांधत आणि मुसलमान उजव्या, त्यामुळे ही चूक जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही. कापड दोन्ही अंगांनी सारखे असेल तर अंगरखा सरळ आतबाहेर करावा. उलटा पाखा आपोआप योग्य बाजूला येतो. शिवणी तेवढ्या उसवून माया दुसऱ्या अंगाला घ्यायची. किनखाप असेल तर मात्र नवा पाखा कापण्याला पर्याय नाही.

छातीवरच्या गोल कापाची कड उरेब असते. हाताळता हाताळता ती ताणली जाते आणि गळा सुटून उभा राहतो. कडेने बारीक धावदोरा घालून तो किंचित ओढावा, ओलसर फडक्यावरून इस्त्री दाबावी, जास्तीचे कापड त्यात मुरते. मगजी त्यानंतर लावावी. घेराच्या कळ्यांचेही तेच. उरेब बाजू लोंबते, म्हणून अंगरखा रात्रभर टांगून ठेवावा आणि मगच जमिनीपासून माप घेऊन तुरपाई करावी.

कळी अपुरी पडली तर नवे कापड आणायला धावू नये. जुन्या हातमागाचा पन्हा अरुंद असे, त्यामुळे जोड देणे ही रोजचीच गोष्ट होती. जोड उभ्या-आडव्या धाग्याला धरून आणि शक्यतो घेराच्या खालच्या भागात द्यावा. जोडाचा अंगरखा मला सलग कापडाच्या अंगरख्यापेक्षा जास्त खरा वाटतो.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि प्रयोग रात्रभर चालतात. तिथे जाणाऱ्या पोशाखाला सुती कापडासाठी सुतीच दोरा वापरावा. पॉलिस्टरचा दोरा तुटत नाही, पण ताण आला की कापडच कापतो. आणि कुशीतली दोन बोटे माया कापून साफ करू नये, कारण पुढच्या हंगामात तोच अंगरखा आडव्या अंगाच्या नटाला द्यावा लागतो.