शिकारीच्या मुक्कामाचा खर्च : कोल्हापूर संस्थानच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : शिकार, मुक्काम, वेठबिगार, वतन, कोल्हापूर संस्थान, राधानगरी अभयारण्य

प्रस्तावना

संस्थानी काळातील शिकारीचे वर्णन करताना बंदूक, नेम आणि सावज यांचीच चर्चा अधिक होते. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील संग्रहालयात पेंढा भरून ठेवलेली जनावरे पाहणाऱ्यासही शिकारीचा शेवटचा क्षणच दिसतो. परंतु शिकारीच्या एकूण खर्चात गोळीचा वाटा अगदी अल्प होता. खरा खर्च होता तो मुक्कामाचा. शिकारीस निघालेली मंडळी राहणार कोठे, त्यांना, त्यांच्या जनावरांना व नोकरचाकरांना दाणावैरण आणि शिधा पुरवणार कोण, हे प्रश्न आधी सोडवावे लागत. प्रस्तुत लेखात या खर्चाचे स्वरूप, तो नेमका कोणी सोसला आणि कालांतराने त्यात काय बदल झाला, याचा विचार केला आहे.

१. मुक्कामाच्या खर्चाचे घटक

संस्थानच्या कारभारात शिकारखाना हे स्वतंत्र खाते असले, तरी शिकारीचा मुक्काम एकट्या शिकारखान्याच्या बळावर उभा राहत नसे. तंबू, राहुट्या, कनाती व सतरंज्या फरासखान्याच्या, घोडे पागेचे, हत्ती पीलखान्याचे, स्वयंपाक मुदपाकखान्याचा आणि धान्य कोठीचे. अशा रीतीने मुक्कामाचा खर्च अनेक खात्यांत विखुरला जाई. शिकारखान्याचा हिशेब पाहून शिकारीचा खर्च ठरवणे म्हणूनच फसवे ठरते.

या खर्चाचे तीन भाग पडतात. पहिला, कायम स्वरूपाचा खर्च : बंगले, तंबू, जनावरे व पगारी माणसे. शिकार होवो अथवा न होवो, हा खर्च चालूच राहतो. दुसरा, दिवसागणिक वाढणारा खर्च : शिधा, वैरण, सरपण, पाणी व दिवाबत्ती. तिसरा, श्रमाचा खर्च : ओझी वाहणे, रस्ता साफ करणे, मचाण बांधणे आणि हाका घालून रान उठवणे. यांपैकी पहिले दोन भाग कोणत्या ना कोणत्या दप्तरात नोंदले जात. तिसरा भाग मात्र बहुधा नोंदीबाहेर राही.

२. माळ आणि जंगल : भूगोलाचा परिणाम

कोल्हापूरच्या पूर्वेस मोकळा माळ, तर पश्चिमेस सह्याद्रीचे घनदाट जंगल. या भौगोलिक भेदामुळे मुक्कामाचा खर्चही दोन प्रकारचा झाला.

माळावर चित्त्याच्या साहाय्याने काळविटाची शिकार होत असे. राजधानीपासून ही राने तुलनेने जवळ असल्याने मोठी छावणी उभारण्याची निकड कमी होती. येथे माणसांच्या निवाऱ्याहून चित्त्याचा निवारा महाग पडे. भारतीय चित्ता दुर्मीळ झाल्यावर कोल्हापूर व भावनगर या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते आणवले. त्यांच्यासाठी चित्तेखाना, रोजचे मांस आणि चित्तेवानांचे पगार ही वर्षभराची तरतूद करावी लागे. दोन-चार तासांच्या शिकारीसाठी बारा महिन्यांचा निवारा पोसणे, असा हा व्यवहार होता.

पश्चिमेकडील गव्याच्या जंगलाची स्थिती वेगळी होती. दाजीपूर हे कोल्हापूरपासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. बैलगाडीच्या वेगाने सामान तेथे पोहोचण्यास तीन-चार दिवस सहज लागत. म्हणजे दोन दिवसांच्या शिकारीसाठी गाडीवानांचा आठवडा खर्ची पडे. शिवाय अतिवृष्टीमुळे पावसाळ्यात तेथे मुक्काम अशक्यप्राय होता. त्यामुळे बांधलेली वास्तू वर्षातील मोजकेच महिने उपयोगी पडे, देखभाल मात्र वर्षभराची. मुक्कामाचा हंगाम आणि रानातील सुगीचे दिवसही अनेकदा एकच येत. गावकऱ्यांच्या दृष्टीने ही बाब सर्वांत महत्त्वाची होती.

३. नोंद न झालेला खर्च

उदाहरणादाखल एक साधा हिशेब मांडता येईल. हाका घालण्यासाठी शंभर माणसे तीन दिवस लागली असे गृहीत धरले, तर तीनशे मनुष्यदिवस होतात. मजुरी दिली तर ही रक्कम मुक्कामाच्या खर्चातील एक मोठी बाब ठरेल. मजुरी न दिल्यास ती कागदावरून नाहीशी होते. परंतु तीनशे दिवसांची शेतीची कामे खोळंबलेलीच राहतात. याचा अर्थ असा की, खर्च नाहीसा होत नाही, तो केवळ दुसऱ्याच्या माथी जातो.

हे घडवून आणणारी व्यवस्था म्हणजे वेठ. वतनाच्या जमिनीच्या मोबदल्यात महार समाजाकडून गावकीची व सरकारी कामे करून घेतली जात. गावात मुक्काम करणाऱ्या अधिकाऱ्याचे सामान वाहणे, सरपण व गवत आणणे, निरोप पोहोचवणे ही कामे त्यांच्यावर लादली जात. कामाचे तास ठरलेले नसत आणि नकार देण्याची मुभा नसे.

ही स्थिती केवळ दख्खनपुरती मर्यादित नव्हती. कुमाऊँमध्ये दौऱ्यावरील अधिकारी व शिकारी यांचे ओझे वाहण्याच्या सक्तीस ‘कुली-उतार’, तर मुक्कामासाठी शिधासामग्री पुरवण्याच्या सक्तीस ‘कुली-बर्दायश’ अशी नावेच होती. जानेवारी १९२१ मध्ये बागेश्वर येथे लोकांनी कुलींच्या नोंदवह्या शरयू नदीत सोडून या प्रथेचा अंत घडवला. मुक्कामाचा भार हा तेथे जनआंदोलनाचा विषय झाला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

४. वेठीकडून मजुरीकडे

कोल्हापुरात हा बदल दरबाराकडूनच झाला. राजर्षी शाहू छत्रपती (१८७४-१९२२) स्वतः शिकारीचे शौकीन होते. तथापि त्यांनीच १९१८ मध्ये महार वतने रद्द करून त्या जमिनी रयतावा केल्या आणि १९२० मध्ये वेठबिगारीस बंदी घातली. या निर्णयांचे सामाजिक महत्त्व सर्वश्रुत आहे. त्यांचा एक आर्थिक अर्थही आहे. सक्तीचे श्रम बंद झाले की मुक्कामाचा खरा खर्च यजमानाच्या हिशेबात येतो. श्रमाला किंमत आली की लवाजमा किती असावा, याचाही विचार करावा लागतो.

पुढे भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीस देशभर मनाई केली. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने संपुष्टात आली.

५. विकत घेतलेला मुक्काम

स्वातंत्र्यानंतर शिकारीचा मुक्काम ही बाजारातील वस्तू झाली. मध्य भारतात शिकार कंपन्या वनखात्याकडून ठराविक मुदतीसाठी राखीव रानाचे ब्लॉक घेत आणि परदेशी शिकाऱ्यांना निवास, भोजन, वाहन व हाका यांसह सहलीचे एकत्रित दर सांगत. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली आणि १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानंतर हा व्यवसाय संपला.

आफ्रिकेतील काही देशांत तो आजही कायदेशीर आहे. तेथे शिकाऱ्याकडून साधारणपणे दोन स्वतंत्र रकमा घेतल्या जातात : मुक्कामाचा दैनिक दर आणि मारलेल्या जनावराचे शुल्क. मोठ्या जनावरांसाठी किमान दिवसांची अट असते. त्यामुळे सावज न मिळाले तरी मुक्कामाची रक्कम द्यावीच लागते. नामिबियाने १९९६ मध्ये कायदा बदलून स्थानिक समूहांना वन्यजीवांपासून मिळणाऱ्या उत्पन्नावर हक्क दिला. शिकारीच्या नैतिकतेविषयी मतभेद आहेत व राहतील. परंतु मुक्कामाचा पैसा गावाकडे वळवता येतो, एवढे यावरून स्पष्ट होते.

६. राधानगरीचा आजचा प्रश्न

गव्यांसाठी प्रसिद्ध असलेले दाजीपूरचे जंगल १९५८ मध्ये अभयारण्य झाले. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन राधानगरी अभयारण्याचे क्षेत्र ३५१.१६ चौरस किलोमीटर झाले आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश झाला. बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली. मुक्कामाची गरज मात्र कायम राहिली.

पर्यटकाने दिलेल्या खोलीभाड्यात आजही काही खर्च नोंदला जात नाही. गव्यांनी केलेले पिकांचे नुकसान, चराई व सरपणावरील निर्बंध आणि सुट्ट्यांत वाढणारा कचरा यांचा भार जंगलालगतच्या गावांवर पडतो. त्या गावांतील घरगुती निवासव्यवस्था, स्थानिक वाटाडे व भोजनसेवा यांना उत्पन्नाचा वाटा मिळाला, तरच भार आणि लाभ यांचा मेळ बसू शकेल.

निष्कर्ष

१. शिकारीच्या खर्चात मुक्काम ही प्रमुख बाब होती. तो खर्च अनेक खात्यांत विखुरल्याने झाकलेला राहिला.

२. वेठीमुळे श्रमाचा खर्च दरबाराकडून गावाकडे सरकला. स्वस्त दिसणारा मुक्काम वस्तुतः स्वस्त नव्हता.

३. १९१८ व १९२० चे निर्णय सामाजिक न्यायाचे होतेच, शिवाय हिशेबाच्या सचोटीचेही होते.

४. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी शिकारखान्यासोबत फरासखाना, कोठी, पागा आणि गावकीची दप्तरे एकत्र वाचणे आवश्यक आहे. मुक्कामाची किंमत किती होती, या प्रश्नाबरोबरच ती कोणी चुकवली, हा प्रश्न विचारल्याखेरीज शिकारीचा इतिहास अपुरा राहतो.