अनामिक व्हॉल्व्हची ओळख

जुन्या रेडिओतील व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नलिका. तिचे नाव बहुधा काचेवर शाईने छापलेले असे. उष्णतेने आणि हाताळण्याने ते कालांतराने पुसून जाते. ट्रान्झिस्टरचा प्रसार झाल्यावर बहुतेक प्रकारच्या व्हॉल्व्हचे उत्पादन जगभर थांबले. भारतातही बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये असे व्हॉल्व्ह बनविण्यास आरंभ केला होता. म्हणून अनामिक व्हॉल्व्ह टाकून देणे हे नुकसानच होय. परंतु केवळ अंदाजाने तो यंत्रात बसविल्यास व्हॉल्व्ह आणि यंत्र दोन्ही जळण्याचा संभव असतो.

पहिले पथ्य असे की, व्हॉल्व्ह ओल्या फडक्याने पुसू नये. काचेवर हलकेच फुंकर घातली, तर श्वासातील बाष्प काचेवर साचते आणि नष्ट झालेली अक्षरे कधी कधी क्षणभर उमटतात. मग काचेच्या आतील चंदेरी थर पाहावा. हा थर सामान्यतः बेरियम धातूचा असून नलिकेत उरलेले वायू तो शोषून घेतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल, तर आत हवा शिरली आहे असे समजावे. तेथे पुढील परीक्षा व्यर्थ होय.

यानंतर पिना मोजाव्यात. समजा, त्या नऊ आहेत आणि आत एकसारख्या रचनेच्या दोन धातुनळ्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. असा व्हॉल्व्ह म्हणजे बहुधा दुहेरी ट्रायोड होय. पिनांची गणना खालून पाहून, रिकाम्या जागेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने करतात. रोधमापकाने चौथी आणि पाचवी पिन तापतंतूने जोडलेली आढळली, आणि नववी पिन त्या तंतूच्या मध्याला जोडलेली आढळली, तर ईसीसी ८१, ईसीसी ८२ आणि ईसीसी ८३ या परिचित प्रकारांचा विचार प्रथम करावा.

खरी अडचण येथेच आहे. तिघांच्या पिनांची मांडणी एकच. चौथी व पाचवी पिन एकत्र जोडून त्या जोडणीस आणि नवव्या पिनेस ६.३ व्होल्ट दिले, तर तिघांचेही तंतू ०.३ अँपिअर प्रवाह घेतात. एकाच्या जागी दुसरा बसतो, तापतो, उजळतोही. पण ध्वनी क्षीण अथवा विकृत होतो. भेद आहे तो जाळीच्या अंतरात व रचनेत, आणि तो विद्युतीय वर्तनातूनच प्रकट होतो.

धनाग्रास २५० व्होल्ट द्यावेत आणि जाळी प्रथम ऋणाग्राच्या तुलनेने ८.५ व्होल्ट ऋण ठेवावी. एका ट्रायोडमधून सुमारे १०.५ मिलिअँपिअर प्रवाह वाहिला, तर तो ईसीसी ८२ होय. इतर दोघांत तो अगदी अल्प असतो. मग जाळी २ व्होल्ट ऋण करावी. प्रवाह सुमारे १० मिलिअँपिअर असल्यास ईसीसी ८१, केवळ १.२ असल्यास ईसीसी ८३. हा क्रम उलटा करू नये, कारण २ व्होल्टांना ईसीसी ८२ मधून अतिप्रवाह वाहील.

तरीही एक शंका उरते. झिजलेल्या ईसीसी ८१ मधूनही थोडाच प्रवाह वाहू शकतो. अशा वेळी जाळीचा दाब १ व्होल्टने अधिक ऋण करावा आणि प्रवाह पूर्ववत् होण्यासाठी धनाग्राचा दाब किती वाढवावा लागतो ते पाहावे. ईसीसी ८१ ला सुमारे ६०, तर ईसीसी ८३ ला सुमारे १०० व्होल्ट लागतात. या संख्येस प्रवर्धनांक म्हणतात. तो मुख्यतः आतील भागांच्या अंतरावर अवलंबून असल्याने वयाबरोबर फारसा बदलत नाही.

२५० व्होल्टांचा धक्का प्राणघातक ठरू शकतो, आणि वीज बंद केल्यावरही धारित्रांत भार साठून राहतो. म्हणून मोजमापाचा हा भाग जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखालीच करावा. निरीक्षण आधी, रोधमापन नंतर आणि उच्च दाब सर्वांत शेवटी, हाच क्रम पाळावा. मग छापील नाव पुसले गेले, तरी व्हॉल्व्हची घडण आणि त्याचे वर्तन यांवरून त्याचे नाव पुन्हा सांगता येते.