कुंडी म्हणजे बांधी नव्हे

बायांनो, वडशाहून आम्ही बोलतो आहोत. आज धानाचं किंवा कर्जाच्या हप्त्याचं बोलणार नाही. आज बोलूया गटाच्या कार्यालयात टेबलाशेजारी असतो त्या मनी प्लँटबद्दल. हसू नका, त्या कुंडीपायी आमच्याकडे मोठी चूक होता होता राहिली.

झालं असं, की पावसाळ्यात आमच्या मनी प्लँटची पानं पिवळी पडायला लागली. बैठकीला येणारी प्रत्येक जण म्हणायची, ‘बिचारीला पाणी नाही,’ आणि आपल्या बाटलीतलं उरलेलं पाणी कुंडीत ओतून जायची. पानं आणखी पिवळी झाली, वेल मलूल पडला. मग एकीनं घरून धानावर मारायचं उरलेलं औषध आणलं. झाकण उघडणार, तेवढ्यात आमच्यातल्या एका आजीनं तिचा हात धरला. टेबलाखाली दोन लेकरं खेळत होती. आजी म्हणाली, ‘अवो, आधी रोग तर पहा!’

मग आम्ही मातीत बोट घातलं. दोन पेरं आत गेलं आणि चिखलानं भरून निघालं. झाड तहानलेलं नव्हतं, बुडत होतं.

आपल्याला बांधीची सवय. धान पाण्यात उभं राहतं, कारण त्याच्या अंगात पोकळ नळ्या असतात आणि त्यांतून हवा मुळापर्यंत पोचते. कुंडीतल्या मनी प्लँटची मुळं मातीच्या फटींतली हवा घेतात. फटी पाण्यानं भरल्या की मुळं गुदमरतात, काळी पडून सडतात. सडलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणून माती ओली असूनही पान मलूल दिसतं आणि आपण पुन्हा पाणी ओततो.

कुणी विचारेल, मग बाटलीतल्या पाण्यात मनी प्लँट कसा जगतो? पाण्यात फुटलेली मुळं पहिल्यापासून पाण्याला सरावलेली असतात आणि ताज्या पाण्यात थोडी हवाही विरघळलेली असते. म्हणून बाटलीतलं पाणी आठवड्याला बदलायचं.

पान बिघडलं तर काहीही ओतण्याआधी चार गोष्टी पहा. मातीत बोट घाला. कुंडीच्या तळाचं भोक मोकळं आहे का, खाली बशीत पाणी साचलं आहे का, ते पहा. पान उलटून मागची बाजू पहा. आणि खिडकी किती लांब आहे तेही पहा.

आता पान काय सांगतं ते समजून घेऊ.

खालची पानं एकामागून एक पिवळी, मऊ होत असतील आणि माती ओली असेल, तर पाणी जास्त झालं. पाणी थांबवा. आठवड्यानंतरही फरक नसेल तर झाड उपटून काळी, मऊ मुळं कापा आणि नव्या मातीत लावा. आपली कन्हार माती एकटी कुंडीत घातली तर घट्ट बसते. एक वाटा माती, एक वाटा चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक वाटा वाळू किंवा जाळून काळा केलेला धानाचा तूस, असं मिश्रण करा. राइस मिलच्या गावात तुसाला काय तोटा?

पान लोंबलं आहे, माती कोरडी आहे आणि कुंडी उचलल्यावर हलकी लागते, तर खरंच तहान आहे. तळातून पाणी निथळेपर्यंत द्या आणि बशी रिकामी करा.

पानाची फक्त टोकं करपली, तर हवा कोरडी आहे, खत जास्त झालं आहे किंवा पाण्यात क्षार आहेत. मातीवर पांढरा थर दिसला तर क्षारच समजा. बोअरचं पाणी काही दिवस बंद करून पावसाचं साठवलेलं पाणी द्या. उन्हाळ्यात खिडकीतून येणाऱ्या झळांपासून कुंडी आत सरकवा.

पानावरचे पिवळे-पांढरे पट्टे नाहीसे होऊन ती नुसती हिरवी आणि लहान येत असतील, दोन पानांतलं अंतर वाढत असेल, तर उजेड कमी पडतो. हा वेल मूळचा पॅसिफिक महासागरातल्या मूरिया बेटावरचा, झाडांवर चढणारा. जंगलात फांद्यांतून गाळून येतो तसा उजेड त्याला हवा. कडक उन्हात ठेवला तर पानावर भुरके, भाजल्यासारखे डाग पडतात.

पान चिकट लागलं, पेरांशी कापसासारखे पुंजके दिसले, तर पिठ्या ढेकूण आहे. बारीक जाळी आणि फिकट ठिपके असले तर कोळी. ओल्या फडक्यानं पानं दोन्ही बाजूंनी पुसा. मग एक लिटर कोमट पाण्यात एक छोटा चमचा कडुनिंबाचं तेल आणि थोडासा पातळ साबण घालून हलवा. आधी एका पानावर लावून दुसऱ्या दिवशी पहा. पान ठीक असेल तर कुंडी बाहेर नेऊन संध्याकाळी फवारा. आठवड्याच्या अंतरानं तीनदा करा.

आणि खालचं एखादंच जुनं पान कधीतरी पिवळं झालं, तर ते वय झालं म्हणून. तोडून टाका.

आता त्या औषधाच्या बाटलीबद्दल. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते तर उघड्या शेतात होते. बंद खोलीत, जिथं आपण बसतो, लेकरं रांगतात, तिथं शेतीचं औषध कधीच मारायचं नाही. उरलेलं औषध घरातून कार्यालयात आणायचंही नाही.

लेकरांसाठी आणखी एक गोष्ट. मनी प्लँट हा आपल्या धोप्याच्याच कुळातला. धोप्याचं पान कच्चं चावलं तर घसा खाजतो ना? मनी प्लँटच्या पानातही तसेच सुईसारखे बारीक स्फटिक असतात. लेकरानं पान चावलं तर तोंड जळजळतं, सुजतं. तोंड पुसून पाण्यानं धुवा. सूज वाढली किंवा गिळायला, श्वास घ्यायला त्रास झाला तर लगेच दवाखाना गाठा. त्याहून बरं म्हणजे कुंडी लेकरांच्या हाताबाहेर ठेवा.

आमच्या वेलाची मुळं बरीच सडली होती. पण वरचा भाग जिवंत होता. पेराखाली, जिथं तपकिरी गाठ दिसते तिथं कापून सहा तुकडे पाण्यात ठेवले. तीन आठवड्यांत चारांना मुळं फुटली.

मग बैठकीत ठराव केला. कुंडीचं पाणी दर महिन्याला एकीकडे, तिचं नाव रजिस्टरात. ती बैठकीच्या दिवशी बोट घालून पाहते, लागलं तरच पाणी देते. बाकीच्यांनी बाटलीतलं पाणी प्यायचं! हिशेबाची वही सगळ्यांनी लिहिली तर घोळ होतो, हे आपल्याला ठाऊकच आहे. कुंडीचंही तसंच निघालं.

तुमच्या कार्यालयात कुंडी असेल तर या बैठकीला आधी मातीत बोट घालून पहा. बरं, येतो आम्ही. रामराम!