दगड कोणी उचलला?

सन २०२० च्या एप्रिल महिन्याची पहिली तारीख. इंदूर शहरातील टाटपट्टी बाखल नावाच्या दाट वस्तीत आरोग्य खात्याचे एक पथक शिरले. (इंदूरच्या जुन्या भागातील दाटीवाटीच्या मोहल्ल्यांना तेथे ‘बाखल’ म्हणतात.) करोना झालेल्या रुग्णाच्या सहवासात कोण कोण आले होते याची चौकशी करावी, त्यांची तपासणी करावी आणि जरूर पडल्यास त्यांना काही दिवस विलग ठेवण्याची तजवीज करावी, एवढेच त्या पथकाचे काम. पथकात दोन स्त्री-डॉक्टर होत्या. एक हिंदू, दुसरी मुसलमान. बोलणे सुरू होते न होते तोच गलका उठला, गल्लीबोळांतून माणसे धावून आली आणि दगडांचा वर्षाव सुरू झाला. पथकाने जीव मुठीत धरून जवळच्या सरकारी मोटारीचा आसरा घेतला. दोघी डॉक्टरांना दगड लागले. सुदैवाने इजा गंभीर नव्हती. कोणीतरी टिपलेली ती पळापळीची चित्रफीत दुसऱ्या दिवशी साऱ्या देशाने पाहिली आणि साऱ्या देशाने त्या वस्तीला शिव्याशाप दिले.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी करोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. तोंडावरच्या पट्ट्या गेल्या, हात धुण्याच्या बाटल्या माळ्यावर पडल्या. मग हे मढे आता का उकरावे, असे आमचे वाचक विचारतील. आमचे उत्तर असे की, साथ गेली तरी तो दगड अजून तेथेच पडलेला आहे. औषध घेऊन आलेल्या हातावर माणूस दगड का मारतो, हा प्रश्न करोनापेक्षा पुष्कळच जुना आहे.

त्या वस्तीत काय घडले ते आधी पाहू. इंदूरमध्ये करोनाचे पहिले रुग्ण मार्चच्या अखेरच्या आठवड्यात सापडले आणि पाहता पाहता ते शहर देशातील सर्वांत पीडित शहरांपैकी एक झाले. २२ मार्चच्या जनता-संचारबंदीच्या संध्याकाळी, घरात राहा या आदेशाचा मान राखण्यासाठी म्हणून, त्याच शहरातील लोक राजवाड्यासमोर थाळ्या वाजवीत गर्दीने जमले होते! सरकारचा शब्द लोकांच्या कानांपर्यंत पोचतो, पण मनात तो कोणत्या रूपाने उतरतो, याचा हा मासला. पुढे आठवड्याभरात शहर कडेकोट बंद झाले. किराणा आणि भाजी यांची दुकानेदेखील काही दिवस उघडेनात. गल्लीच्या तोंडाशी अडसर आणि अडसरापाशी दंडुकेवाला शिपाई. अशा कोंडलेल्या घरांतून एकच वस्तू मोकळेपणाने ये-जा करीत होती: हातातला दूरध्वनी. त्या दूरध्वनीवर एक चित्रफीत फिरत होती. निरोगी माणसांना धरून नेतात आणि सुई टोचून रोगाचे विष त्यांच्या अंगात घालतात, असे तीत सांगितलेले होते. ती धादांत खोटी होती.

परंतु खोटी गोष्ट खरी वाटण्यासाठी मनाची जमीन आधी नांगरलेली असावी लागते. ती कोणी नांगरली? दगडफेकीच्या आदल्या दोनच दिवसांत दिल्लीच्या निजामुद्दीन येथील तबलीगी मेळाव्याचे वृत्त बाहेर आले होते. तेथे जमलेल्यांपैकी पुष्कळांना लागण झाली होती, हे खरे. पण दूरचित्रवाणीच्या काही वाहिन्यांनी ते वृत्त अशा रीतीने सांगितले की, जणू एका समाजाने हा रोग मुद्दाम पेरला. पुढे ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या मेळाव्यास आलेल्या परदेशी पाहुण्यांवरील खटले रद्द केले आणि माध्यमांच्या त्या अपप्रचारावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. पण न्यायालयाचा निर्णय ऑगस्टात आला, आणि दगड एप्रिलमध्ये पडले. रात्रंदिवस ज्यांना दूरचित्रवाणीवर आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जात होते, त्यांच्या दाराशी सकाळी सरकारी माणसे आली. ती बरे करायला आली आहेत, यावर त्यांनी विश्वास ठेवावा, अशी आपली अपेक्षा. आम्ही दगडफेकीचे समर्थन करीत नाही. त्यातील चौघांवर राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली कारवाई झाली, त्याबद्दलही आम्हांस येथे काही म्हणावयाचे नाही. पण न्याय करावयाचा तर त्या दिवसाचा करून भागत नाही, त्याच्या आदल्या दिवसाचाही करावा लागतो.

शिवाय, अमक्याच समाजाची माणसे अशी वागतात असे कोणी म्हणेल, तर त्याने आपल्याच घरची जुनी वही उघडून पाहावी. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, तेथे त्याला मारून टाकतात, अशी वदंता गिरणगावात पसरली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला. त्या जमावात निरनिराळ्या जातिधर्मांचे लोक होते. लोक रुग्णांना माळ्यावर लपवीत, प्रेत गुपचूप नेत. पुढच्या वर्षी पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली गोऱ्या शिपायांनी घरोघर झडत्या घेतल्या. स्वयंपाकघरात बूट घालून शिरले, देवघरात शिरले, बायकांची अब्रू पाहिली नाही. प्लेग आवरण्यासाठी काही कडक उपाय हवेच होते, हे लोकमान्यांनाही मान्य होते; ते पुणे सोडून गेले नाहीत आणि प्लेगच्या रुग्णांसाठी इस्पितळ चालविण्यात त्यांनी पुढाकार घेतला. पण उपायापेक्षा अपमान मोठा झाला. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, आणि ‘केसरी’तील लिखाणाबद्दल टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. त्याच साथीत, त्याच पुण्याच्या परिसरात, सावित्रीबाई फुले रुग्णांना उचलून दवाखान्यात पोचवीत होत्या आणि तेच करता करता १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचा अंत झाला. त्यांच्या हातून रुग्ण न्यायला कोणी हरकत घेतली असेल असे आम्हांस वाटत नाही. रोगी तोच, रोग तोच, नेण्याची जागाही जवळजवळ तीच. नेणारा हात मात्र निराळा.

साथीच्या रोगांचा कायदा सरकारने केला तोही त्याच १८९७ सालचा. २०२० मध्ये तोच कायदा पेटीतून काढून पुन्हा लावण्यात आला, आणि इंदूरसारखे प्रकार ठिकठिकाणी झाल्यावर २२ एप्रिल २०२० रोजी वटहुकूम काढून डॉक्टर-परिचारिकांवर हल्ला करणाऱ्यास सात वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद त्यात करण्यात आली. कायदा योग्यच होता. पण कायद्याने दगड थांबतो, दार उघडत नाही.

दार कसे उघडते, याचा एक नमुना खुद्द इंदूरनेच शंभर वर्षांपूर्वी पाहिलेला आहे, आणि तो आमच्या वाचकांस जरा सविस्तर सांगावासा वाटतो. तिसरे तुकोजीराव होळकर गादीवर असताना, पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात, पॅट्रिक गेडिस नावाचे एक स्कॉटिश विद्वान नगररचनेच्या कामासाठी इंदूर दरबारने बोलाविले होते. मूळचे जीवशास्त्रज्ञ, पुढे नगररचनाकार झालेले. शहरात प्लेगचा वावर होता. पांढऱ्या दाढीचा हा म्हातारा हातात नकाशे घेऊन गल्लीगल्लीतून हिंडे, विहिरी पाही, उकिरडे मोजी. त्यांचे चरित्रकार सांगतात की, लोक त्यांच्याकडे बोट दाखवून कुजबुजू लागले: हाच तो साहेब, हा जेथे जातो तेथे प्लेग येतो! यात लोकांचे सर्वस्वी चुकले असेही नाही; कारण नकाशेवाला साहेब येऊन गेला की पाठोपाठ घरे पाडणारे येतात, असा त्यांचा आजवरचा अनुभव होता.

गेडिससाहेबांनी शिपाई मागितले नाहीत. एका दिवसापुरते आपल्याला इंदूरचे महाराज करा, एवढीच मागणी त्यांनी केली, आणि ती मान्य झाली. मग त्यांनी जाहीर केले की, यंदाच्या दिवाळीत एक भव्य मिरवणूक निघेल. मात्र तिचा मार्ग ठरलेला नाही. ज्या भागातील लोक आपली घरे आणि रस्ते सर्वांत स्वच्छ व नीटनेटके करतील, त्या भागातून मिरवणूक जाईल. मग काय विचारता! आपल्या दारावरून मिरवणूक जावी म्हणून सारे शहर झाडू घेऊन बाहेर पडले. कित्येक वर्षांचा केरकचरा गाड्या भरभरून बाहेर गेला, भिंतींना सफेती लागली, उंदरांची बिळे बुजली.

मिरवणुकीत हत्ती-घोडे आणि दरबारी लवाजमा तर होताच. पण अस्वच्छतेचा प्रचंड राक्षस आणि प्लेगचा भलामोठा उंदीरही होता. त्यांच्यामागून शहरातील झाडूवाले चालले होते, शुभ्र नवीन कपड्यांत, फुलांच्या माळा घालून. ज्यांची सावलीही टाळण्याचा तो काळ, त्यांना त्या दिवशी महाराजांच्या मिरवणुकीत मानाची जागा मिळाली. मिरवणुकीच्या शेवटी घरोघर लावण्यासाठी तुळशीची रोपे वाटली गेली, आणि रात्री त्या राक्षसाला व उंदराला दारूकामाच्या लखलखाटात जाळण्यात आले. पुढे प्लेग ओसरला. त्याचा हंगामही तेव्हा सरत आला होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण ज्या म्हाताऱ्याकडे पाहून आया मुलांना घरात ओढीत होत्या, त्याच्याभोवती आता मुले गोळा होऊ लागली. गेडिससाहेबांचा इंदूरविषयीचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली छापला गेला, आणि नगररचना शिकणारे आजही तो वाचतात.

इंदूर सोडून थोडे आपल्या अंगणात येऊ. १४ एप्रिल २०२० रोजी वांद्रे स्थानकाबाहेर हजारो परप्रांतीय मजूर जमले. गावी जाण्यासाठी गाड्या सुटणार, असे त्यांच्या कानांवर आले होते. त्याच दिवशी टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढविल्याची घोषणा झाली होती. शेवटी पोलिसांना लाठ्या चालवाव्या लागल्या. रेल्वेच्या एका अंतर्गत पत्राच्या आधारे गाड्यांची बातमी देणाऱ्या एका मराठी वाहिनीच्या वार्ताहरास अटक झाली व पुढे जामीन मिळाला. त्यानंतर दोनच दिवसांनी, आपल्याच पालघर जिल्ह्यातील गडचिंचले या आदिवासी गावी, चोर व मुले पळविणारे रात्री हिंडत आहेत या अफवेने पिसाळलेल्या जमावाने दोन साधूंचा आणि त्यांच्या चालकाचा पोलिसांदेखत जीव घेतला. त्या प्रेतांवरची माती वाळते न वाळते तोच, मारणारे अमक्या धर्माचे होते अशी दुसरी अफवा निघाली. अखेर राज्याच्या गृहमंत्र्यांना पकडलेल्यांची यादी जाहीर करून तिचे निराकरण करावे लागले. पहिल्या अफवेने तिघे मारले. दुसरीने किती मारले असते, कोण जाणे! खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा आपण लहानपणी तोंडपाठ करतो. ती न्यायाधीशासमोर उभे राहणाऱ्यासाठीच आहे, असे समजून आलेला निरोप पुढे ढकलणारे भाविक आमच्या पाहण्यात पुष्कळ आहेत.

मग विश्वास ठेवावा तरी कोणावर? छापील वृत्तपत्रावर म्हणावे, तर मार्च २०२० मध्ये कागदावरून रोग येतो या भीतीने घरोघर वृत्तपत्र बंद झाले होते. १८ एप्रिलला महाराष्ट्र सरकारनेच घरपोच वृत्तपत्र वाटपावर बंदी घातली. औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली, आणि थोड्याच दिवसांत मुंबई-पुणे वगळून ती उठविण्यात आली. ज्या महिन्यात खऱ्या बातमीची गरज सर्वांत अधिक, त्याच महिन्यात बातमीदाराची पिशवी रिकामी. ती पोकळी दूरध्वनीने भरली.

पण त्याच वृत्तपत्रांनी पुढच्या वर्षी आपली लाज राखली. एप्रिल २०२१ च्या दुसऱ्या लाटेत अहमदाबाद, भोपाळ अशा शहरांत काही वार्ताहर स्मशानांच्या व शवागारांच्या दाराशी उभे राहिले, आणि आलेली प्रेते त्यांनी एकेक करून मोजली. सरकारी आकडा एक सांगे, चितेचा धूर दुसरे. २०२० व २०२१ या दोन वर्षांत भारतात सरकारी नोंदीप्रमाणे सुमारे ४ लाख ८१ हजार माणसे करोनाने दगावली. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये साथीशी निगडित जादा मृत्यूंचा अंदाज सुमारे ४७ लाख असा दिला. भारत सरकारने ती पद्धतच अमान्य केली. विद्वानांचा तो वाद आम्ही येथे सोडवू शकत नाही. परंतु ज्या घरातून माणूस गेला, त्या घराला आपला माणूस सरकारच्या वहीत सापडला नाही, तर पुढच्या वेळी त्याच सरकारची गाडी दाराशी आल्यावर ते घर काय करील, याचा विचार आकडे लिहिणाऱ्यांनी करावयास हवा होता.

आता पुन्हा टाटपट्टी बाखल. दगड लागलेल्या त्या दोघी डॉक्टर दुसऱ्याच दिवशी, २ एप्रिलला, कामावर हजर झाल्या आणि त्याच वस्तीत पुन्हा गेल्या. पुढील काही दिवसांत तेथील दहा जणांना लागण झाल्याचे तपासणीत निघाले. त्या परतल्या नसत्या तर ही माणसे कोणालाही कळली नसती. ९ एप्रिलला इंदूरमध्येच डॉ. शत्रुघ्न पंजवानी यांचे करोनाने निधन झाले. या साथीत मृत्यू पावलेले ते देशातील पहिले डॉक्टर. गोरगरिबांच्या वस्त्यांतून औषध देणारा तो साधा डॉक्टर होता. आणि वर्ष उलटल्यावर, २१ जून २०२१ रोजी, याच इंदूरमध्ये एका दिवसात दोन लाखांहून अधिक लोकांनी आपण होऊन दंड पुढे केला व लस टोचून घेतली. सुईत विष असते, ही वार्ता ज्या शहरात फिरली होती, तेच हे शहर.

दगडफेकीनंतर आठवडाभरातच आणखी एक गोष्ट घडली, तिची चर्चा फारशी झाली नाही. इंदूरच्या मुसलमान समाजाच्या वतीने एका हिंदी दैनिकात जाहीर माफीनामा छापून आला. त्यात डॉक्टर, परिचारिका, पोलीस आणि सफाई कामगार या सर्वांची क्षमा मागितली होती, आणि अफवांमुळे हे घडले अशी कबुली होती. चित्रफीत दूरध्वनीवरून आली होती. क्षमा मात्र त्यांनी वृत्तपत्रात, पैसे मोजून, छापील अक्षरांत मागितली.