गुहेत शिरायचं, पण कुणाच्या खर्चानं?

ड्रॅगन मारायला माणसं मिळतात. प्रश्न असतो तो त्यांना तिथं पाठवणाऱ्याचा. डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे डीअँडडीसारख्या खेळांत चार-पाच जण आपापलं पात्र घेऊन टेबलाभोवती बसतात, डंजन मास्टर ऊर्फ डीएम बाकीचं सगळं जग चालवतो आणि नशीब फाशांवर ठरतं. पण या टोळीनं घराबाहेर पडावंच कशाला? तर कुणीतरी काम सांगतं, आगाऊ रक्कम देतं, ओळखी पुरवतं आणि प्रकरण अंगाशी आलं की हात झटकतं. हा त्यांचा आश्रयदाता, खेळाडूंच्या बोलीत पेट्रन.

झकास पेट्रन कसा घडवायचा, हे आपल्या एका म्हणीत आधीच सांगून ठेवलंय: अडला हरी, गाढवाचे पाय धरी. हरी मोठा हवा आणि अडलेलाही हवा. गाढव कोण, हे खेळाडूंना जरा उशिरा कळलं तरी चालतं! आता भेटू या काही नामांकित हरींना.

सात डोळे आणि चालती झोपडी

अमेरिकन लेखक फ्रिट्झ लायबरच्या कथांमधली फाफ्हर्ड आणि ग्रे माउझर ही तलवारबाज जोडगोळी. दोघांच्या मानगुटीवर एकेक मांत्रिक बसलेला. फाफ्हर्डचा निंगॉबल: टोपडीच्या अंधारात सात डोळे, आणि गावगप्पांची भूक कधीच न भागणारी. माउझरच्या वाट्याला शीलबा: चेहऱ्यावर एकही डोळा नाही, आणि झोपडी स्वतःच्या पायांनी दलदलीतून हिंडते. 1947 साली प्रसिद्ध झालेल्या ‘अडेप्ट्स गॅम्बिट’ या कथेत निंगॉबल दोघांच्या हाती सामानाची यादी देतो. त्यात एक कलम असं: सॉक्रेटिसनं ज्यातून विष घेतलं, तो प्याला. डीअँडडीच्या जनकांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, यानं 1979च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये आपल्या स्फूर्तिस्थानांची यादी छापली, तीत लायबर आहेच. पेट्रनची ताकद खेळाडू विसरतात. त्याची तऱ्हेवाईक मागणी मात्र वर्षानुवर्षं सांगत सुटतात.

चौदावा हिस्सा, क्रियाकर्म कंपनीकडे

टॉल्किनच्या ‘द हॉबिट’मध्ये (1937) थोरिन आणि त्याची बुटकी ड्वार्फ मंडळी बिल्बो नावाच्या हॉबिटला चोर म्हणून कामावर ठेवतात, तेही रीतसर करारपत्र देऊन. नफ्याचा जास्तीत जास्त चौदावा हिस्सा, तोही काम फत्ते झाल्यावर. प्रवासखर्च कंपनीचा. आणि वेळ आलीच, तर अंत्यविधीचा खर्चसुद्धा! पुढची गंमत ‘द वन रिंग’ या टेबलावरच्या खेळात आहे. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत हाच बिल्बो मांत्रिक गँडाल्फच्या पंगतीला बसलाय, म्हणजे इतरांना मोहिमेवर धाडणारा पेट्रन झालाय. जुना नोकर नवा मालक झाला की त्याला सगळ्या पळवाटा ठाऊक असतात. डीएमनं हा गुण जरूर उचलावा.

दहा नाणी आणि मालक गायब

2014च्या डीअँडडी स्टार्टर सेटनं जगभरच्या असंख्य नवख्यांना पहिला पेट्रन दिला: गुंड्रेन रॉकसीकर नावाचा ड्वार्फ. काम अगदी साधं. नेव्हरविंटर शहरातून फँडालिन गावी सामानाची गाडी पोचवायची, माणशी 10 सोन्याची नाणी. गुंड्रेन घोड्यावरून पुढं जातो. खेळाडू मागून पोचतात, तर रस्त्यात मेलेले घोडे पडलेले आणि मालकाचा पत्ता नाही. पगार देणाराच पळवला गेल्यावर त्याला सोडवायला कोण जाणार नाही? पहिल्याच तासात कथेला गती मिळते, आणि डीएमला ‘तुम्ही का जाताय?’ असं विचारावंही लागत नाही.

रोकड नाही, भुताटकीचं घर घ्या

2018च्या ‘वॉटरडीप: ड्रॅगन हाइस्ट’ या डीअँडडी मोहिमेतला व्होलो हा नावाजलेला लेखक. यॉनिंग पोर्टल या खानावळीत तो खेळाडूंना गाठतो आणि हरवलेल्या मित्राला शोधून आणलं तर माणशी 100 सोन्याची नाणी द्यायचं कबूल करतो. मित्र सापडतो, व्होलोचे खिसे मात्र रिकामे. मग नाण्यांऐवजी तो ट्रोलस्कल मॅनर या पडीक वास्तूचा मालकी कागद पुढं करतो. वास्तू डागडुजीला आलेली, शिवाय आत जुन्या मालकाचं भूत. खेळाडू आधी चिडतात आणि मग तिथंच खानावळ काढायचे बेत आखतात. नाणी खर्चून संपतात. घर मिळालं की शेजारी, दुरुस्ती, परवाने, भांडणं अशी पुढच्या कितीतरी रात्रींची सोय होते.

जाता जाता: यॉनिंग पोर्टलच्या मधोमध एक विहीर आहे, ती थेट अंडरमाउंटन या महाभयंकर भुयारात उतरते. उतरायला एक सोन्याचं नाणं आणि वर यायलाही एक. परतीचं नाणं राखून ठेवणारा खेळाडू खरा मुरलेला.

रोज एक गुण कमी

पेट्रनला घाई का आहे, हे ‘टूम ऑफ अ‍ॅनायलेशन’ या मोहिमेनं (2017) फार निर्दयपणे दाखवलं. सिंड्रा सिल्व्हेन ही निवृत्त साहसी बाई एकदा मरून जादूनं परत आलेली. आता जगावर असा शाप पडलाय, की अशी परत आलेली सगळी माणसं झिजत चाललीत. सिंड्राच्या प्राणशक्तीची कमाल मर्यादा रोज एका गुणानं घटते. ती खेळाडूंना क्षणात चुल्टच्या जंगलकिनारी पोचवते, पण पुढच्या प्रत्येक मुक्कामाचा हिशेब तिच्या आयुष्यातून वजा होतो. मग कुणी ‘आज इथंच आराम करू’ म्हणालं, की बाकीचे त्याच्याकडे डोळे वटारून बघतात.

आमंत्रण आलं, पण कुणाचं?

1983मध्ये ट्रेसी आणि लॉरा हिकमन या नवरा-बायकोनं ‘रेव्हनलॉफ्ट’ ही डीअँडडीची मोहीम लिहिली. त्यात बारोव्हिया गावच्या प्रमुखाचं मदतीची याचना करणारं पत्र खेळाडूंना मिळतं. ते धावत जातात. वाटेत एका प्रेताजवळ दुसरं पत्र सापडतं, आणि खरं पत्र हेच असतं. त्यात लिहिलेलं असतं, की इकडं फिरकू नका. पहिलं पत्र रक्तपिपासू काउंट स्ट्राडनं धाडलेलं! पेट्रन आणि खलनायक एकच निघावेत, ही युक्ती 2016च्या ‘कर्स ऑफ स्ट्राड’मध्येही तितकीच बोचते. मात्र ती एका मोहिमेत एकदाच वापरावी. पुन्हा वापरलीत, तर खेळाडू पोस्टमनलाही बांधून घालतील.

मालक माणूसच हवा, असं कुणी सांगितलं?

2020च्या ‘ताशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या डीअँडडीच्या पुस्तकानं सबंध टोळीच्या पेट्रनचे 8 प्रकार मांडले: विद्यापीठ, प्राचीन शक्ती, उमराव, गुन्हेगारी टोळी, व्यापारी संघ, सैन्य, धर्मसंस्था आणि राजा. त्याआधी, 2019मध्ये, एबेरॉन या जगाच्या पुस्तकात तर चक्क वृत्तपत्रही पेट्रन होतं. संपादक बातमीसाठी तुम्हाला ड्रॅगनच्या गुहेत पाठवणार, आणि मानधनाबद्दल बोलायचं तर, अर्थातच, नंतर!

हे एबेरॉन जन्मलं स्पर्धेतून. 2002मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीनं नव्या काल्पनिक जगासाठी प्रस्ताव मागवले, 11,000हून जास्त आले, आणि कीथ बेकरचा निवडला गेला. त्याच्या जगात सत्ता राजांइतकीच घराण्यांच्या हाती आहे: एक घराणं बँका चालवतं, एक दवाखाने, एक जादूची आगगाडी, एक निरोप पोचवतं. जखम भरून मिळेल, पण आधी काउंटरवर पैसे भरा.

उलटं वाचा, मांत्रिक सापडेल

डीअँडडीतले बडे मांत्रिक पेट्रन म्हणून आजही कामाला येतात, पण त्यांची बारशी टेबलावरच झाली. ड्रॉमिज हे ‘जिम वॉर्ड’ या खेळाडूचं नाव इंग्रजी स्पेलिंगमध्ये उलटं केलेलं. टेन्सरची इंग्रजी अक्षरं जुळवा, तर ‘अर्नेस्ट’ मिळतो, म्हणजे गायगॅक्सचा मुलगा. मॉर्डेनकाइनेन हे खुद्द गायगॅक्सचं पात्र. आणि ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेमुळे घराघरांत पोचलेला व्हेक्ना? ती लेखक जॅक व्हॅन्स याच्या आडनावाची अक्षरं. तेव्हा नाव सुचत नसेल तर हाक मारा घरातल्यांना. सरिता उलटी केली की तारिस नावाची एल्फ राणी तयार, आणि मकरंदचा झाला दरंकम, ड्वार्फांचा खजिनदार.

करार आधी, ओळख नंतर

वॉरलॉक या पात्राची सगळी जादूच उसनी, कुठल्यातरी अमानवी शक्तीशी करार करून मिळवलेली. 2014च्या नियमांत तो धनी पहिल्याच पातळीला निवडावा लागे. 2024च्या नियमांत निवड तिसऱ्या पातळीवर गेली, म्हणजे सही आधी आणि मालकाचा चेहरा मागाहून. पाथफाइंडर या खेळातली चेटकीण तर आणखी अंधारात. तिचा पेट्रन कोण हे तिलाच नीट माहीत नसतं, आणि सगळे मंत्र साठवलेले असतात तिच्या पाळीव मांजरात किंवा कावळ्यात. मांजर हरवलं की विद्या गेली.

हा करार मोडता येतो का? ‘क्रिटिकल रोल’ या डीअँडडीचा खेळ दाखवणाऱ्या गाजलेल्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या मोहिमेत फ्योर्ड या वॉरलॉकनं आपल्या सागरी सर्पदेवाची तलवार लाव्हारसात भिरकावून दिली. त्याची जादू तिथल्या तिथं गेली. पण ‘आता माझं काय?’ या प्रश्नातून त्या पात्राला नवी देवता आणि नवा मार्ग मिळाला.

मालकाच्या खुर्चीत खेळाडू

1987च्या ‘आर्स मॅजिका’त जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हेगन यांनी डाव उलटवला. इथं खेळाडूच मध्ययुगीन युरोपातले बलाढ्य मांत्रिक, आणि पदरी बाळगलेले शिपाई-गडी म्हणजे ‘ग्रॉग’ सगळ्या टेबलाचे सामाईक. आज तुम्ही हुकूम सोडायचा, उद्या दुसऱ्याच्या हुकुमावरून चिखल तुडवायचा. यातला ट्वीट पुढं डीअँडडीच्या तिसऱ्या आवृत्तीचा (2000) प्रमुख रचनाकार झाला.

खुद्द खेळालाही पेट्रन लागला

1812मध्ये रायसवित्झ या प्रशियन गृहस्थानं राजा फ्रेडरिक विल्हेल्म तिसरा याला युद्धाचा खेळ सादर केला: खणांचं टेबल, त्यावर मांडायचे भूभागाचे तुकडे आणि सैन्याच्या सोंगट्या. पुढं मुलानं त्यात सुधारणा केल्या आणि 1824मध्ये सेनाप्रमुखांनी तो सैन्याच्या प्रशिक्षणासाठी उचलून धरला. डीअँडडीचे पणजोबा ते हेच. गायगॅक्सच्या वाट्याला राजा नव्हता. दोस्त डॉन के यानं आयुर्विम्यावर 1,000 डॉलर कर्ज काढलं, ब्रायन ब्लूमनं 2,000 डॉलर घातले आणि 1974मध्ये डीअँडडीच्या पहिल्या 1,000 प्रती निघाल्या.

तो स्वतः का जात नाही?

फर्गॉटन रेल्म्स या जगातला महामांत्रिक एल्मिन्स्टर हा डीएमची डोकेदुखी. कॅनडाच्या एड ग्रीनवूडनं हे जग लहानपणीच रचायला घेतलं, आणि एल्मिन्स्टर इतका समर्थ झाला की खेळाडू विचारतात, ‘याला चुटकीसरशी जमेल, मग आम्ही कशाला?’ ग्रीनवूडनं त्याला जमिनीवर मात्र छान आणलं. ‘ड्रॅगन’ मासिकातल्या त्याच्या एका लेखमालेत एल्मिन्स्टर, मॉर्डेनकाइनेन आणि डालामार असे तीन जगांतले तीन मांत्रिक ग्रीनवूडच्याच घरी बैठक भरवतात, आणि लेखक चिलखतात लपून त्यांचं बोलणं टिपून घेतो. जगाचं रक्षण ठीक आहे, पण बैठकीला खायला-प्यायला हवंच!

एक फासा, सहा सत्यं

सर्वांत कामाची युक्ती मात्र अंतराळातून आली. 1977च्या ‘ट्रॅव्हलर’ या विज्ञानकथेच्या खेळासाठी 1980मध्ये ‘76 पेट्रन्स’ ही पुस्तिका निघाली. प्रत्येक पेट्रन खेळाडूंना काय सांगतो ते वर, आणि खाली खरी गोष्ट काय असू शकेल याचे पर्याय. फासा टाका, सत्य ठरवा. तीच पुस्तिका पुन्हा वापरली तरी गोष्ट वेगळी.

घ्या, आपणही एक करून बघू. पेट्रन: बंदराची जकात-अधिकारीण. ताकद: तिच्या सहीशिवाय जहाज हलत नाही. अडचण: तिचेच पहारेकरी तिच्या दिराच्या पगारावर. काम: मध्यरात्री येणाऱ्या जहाजावरची एक पेटी न उघडता आणायची. आता फासा टाका.

1: पेटीत तिचाच जुना गुन्हा आहे.
2: पेटी रिकामी आहे, तिला फक्त पाहायचंय की कोण उघडतं.
3: पेटी दिराची आहे, आणि तोही खेळाडूंना कामावर ठेवायला येणार आहे.
4: आत ड्रॅगनचं अंडं आहे आणि ते उबायला आलंय.
5: खरी अधिकारीण पेटीतच आहे.
6: सगळं ती म्हणते तस्संच आहे, आणि पैसेही वेळेवर मिळतील. खेळाडूंचा सर्वांत जास्त संशय यावरच बसेल.